तारण एकदा मिळाले की कायमचे?
मराठी ख्रिस्ती इतिहासातील एक न मिटलेला प्रश्न

१८४३ च्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री या निजामाच्या मुलखातून आलेल्या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे असे ठरवून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला तो जेवला होता. त्याला जातीत परत घेता येईल का, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू उचलून धरली आणि त्यापायी बराच छळ सोसला. आपल्याकडे ही हकीकत समाजसुधारणेच्या इतिहासात येते आणि तिथेच संपते.

या प्रकरणाची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. ज्या मिशनऱ्यांच्या घरातून श्रीपत परत गेला, त्यांच्या धर्मातही तसाच एक प्रश्न सोळाशे वर्षे भिजत पडला होता. एकदा आत आलेला माणूस जाणूनबुजून पाप करून बाहेर गेला तर त्याचे काय? त्याला मिळालेले तारण जाते का? गेले तर परत मिळते का? की ते मुळात मिळालेच नव्हते असे म्हणायचे? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे मिळाली, आणि कुणाला कोणते उत्तर मिळाले हे बऱ्याचदा त्याचे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे यावर ठरले. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

‘तारण’ हा शब्दच मोठा गमतीचा आहे. मराठी प्रोटेस्टंटांनी तो उद्धार या अर्थी रुळवला. पण बाजारात आणि सावकाराच्या पेढीवर तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. ती सुटते किंवा बुडते. मिशनऱ्यांच्या पंडितांनी शब्द निवडताना हा अर्थ मनात धरला असेल असे मला वाटत नाही, पण वाद मात्र अगदी त्याच जागी येऊन ठेपला.

वादाचे मूळ नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या सहाव्या आणि दहाव्या अध्यायांत अतिशय कडक इशारे आहेत. ज्यांना प्रकाश मिळाला ते जर मागे फिरले, तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य. सत्य कळल्यावरही जाणूनबुजून पाप करीत राहिले, तर पापाबद्दल दुसरा यज्ञ उरलेला नाही, असा त्यांचा आशय. उलट योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की आपली मेंढरे आपल्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही. दोन्ही वचने एकाच ग्रंथात असल्याने प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीचे वचन सापडते आणि दुसऱ्याच्या वचनाचा अर्थ लावत बसावे लागते.

प्रश्न पहिल्यांदा रस्त्यावर आला तो इ.स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढले की सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. सरकारी कागदाची तऱ्हा तेव्हाही आजच्यासारखीच. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे चर्चच्या दाराशी रडत उभे राहिले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या पुढाकाराने २५१ मध्ये सभा भरली. नुसता दाखला घेणाऱ्यांना चौकशी करून परत घ्यावे आणि प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना मरणसमयी क्षमा द्यावी, असे ठरले. पुढच्या छळाची चाहूल लागताच ही अटही सैल झाली. रोममध्ये नोव्हेशियनने मात्र वेगळी चूल मांडली. त्याचे म्हणणे असे, की देवाला क्षमा करायची तर तो करील, चर्चला तो अधिकार नाही.

हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्या धर्मशास्त्रात नेमका असाच भेद सापडतो. अजाणता झालेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्या पापाला प्रायश्चित्त घेतले तर माणूस लोकव्यवहाराला योग्य होतो, पण पाप जाते की नाही हा प्रश्न निराळा, असे याज्ञवल्क्य स्मृतीच्या प्रायश्चित्त प्रकरणात म्हटले आहे. मिताक्षरेत विज्ञानेश्वराने त्यावर बराच खल केला आहे आणि म. म. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तो सगळा मांडला आहे. पंगतीत घेणे आणि पाप धुतले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या. श्रीपत शेषाद्रीच्या प्रायश्चित्ताच्या वादात भांडण खरे तर पहिल्या गोष्टीवर होते. ख्रिस्ती मंडळ्यांतही पुष्कळदा तेच झाले, फक्त बोलताना नाव दुसऱ्या गोष्टीचे घेतले गेले.

मराठी भाषेत हा विषय आला तो गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोचला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ओवीबद्ध, मराठी, पण रोमन लिपीत. त्यामागची शिकवण ट्रेंटच्या धर्मसभेची होती. १५४७ च्या जानेवारीत त्या सभेने ठरवून टाकले होते की एकदा कृपा मिळालेल्या माणसाला पापच करता येत नाही किंवा कृपा गमावताच येत नाही असे म्हणणारा पाखंडी. प्रत्येक प्राणघातक पापाने कृपा जाते, मग श्रद्धा शिल्लक असो वा नसो. पण ती परतही मिळते, पापकबुलीच्या संस्कारातून. जुन्या धर्मपित्यांनी या संस्काराला जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी म्हटले आणि ट्रेंटने तोच दाखला उचलला. मांडवी-जुवारीच्या काठच्या, दर्यावर पोट असलेल्या माणसांना तो समजावून सांगायची गरज नव्हती.

स्टीफन्सनंतर एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने १६२९ च्या सुमारास संत पेत्राच्या जीवनावर मराठीत मोठा ओवीग्रंथ छापला. अभ्यासक त्याला ‘पेत्रपुराण’ म्हणतात. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांसमोर पेत्राचेच चरित्र का ठेवले असावे? पोपची गादी पेत्राची, हे कारण उघड आहे. पण पेत्र हा तीनदा नाकारणारा शिष्यही आहे. ज्याने जाणूनबुजून, शपथ घेऊन, आपण त्या माणसाला ओळखतच नाही असे सांगितले, त्यालाच पुढे कळप राखायला दिला. यहूदाने धरून दिले आणि गळफास घेतला. पेत्राने नाकारले आणि रडला. ज्यांच्या आजोबांची देवळे पाडली गेली होती आणि ज्यांच्या घरात अजून जुने सण पुरते विसरले गेले नव्हते, त्यांना ही गोष्ट ऐकताना काय वाटले असेल, याचा विचार करावासा वाटतो.

कारण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसले होते. ते मध्ये चार वर्षे बंद पडले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. त्याचा तात्त्विक पाया असा, की कृपा जाते पण बाप्तिस्म्याचा ठसा जात नाही. तारण गमावलेला माणूसही ख्रिस्तीच राहतो, म्हणून तो चर्चच्या न्यायाखाली येतो. १७३६ च्या प्रसिद्ध आज्ञापत्रात तुळस लावण्यापासून लग्नातल्या हळदीपर्यंत कित्येक रिवाजांवर बंदी घातली. रोजच्या सवयीची गोष्ट अशा रीतीने ‘जाणूनबुजून केलेले पाप’ या सदरात जमा झाली. पहिल्यांदा सापडलेला पश्चात्ताप करून सुटे. त्याला शिक्षा होई, पण जीव वाचे. दुसऱ्यांदा सापडलेल्याला, पोर्तुगीज भाषेत ‘रेलाप्सो’ला, राजसत्तेच्या हवाली करीत, आणि त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. अशा माणसाने अखेरच्या क्षणी पश्चात्ताप केला तर त्याची पापकबुली ऐकून घेत आणि जाळण्याआधी गळा आवळण्याची सवलत देत. आत्म्याला दुसरी, तिसरी, दहावी संधी. देहाला मात्र दोनच. शार्ल दलों हा फ्रेंच वैद्य १६७६ च्या जानेवारीत गोव्याच्या मिरवणुकीत शिक्षा ऐकायला उभा होता आणि सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने सगळे छापून टाकले, म्हणून युरोपला हे कळले. ट्रेंटच्या शिकवणीतील मऊपणा आणि गोव्याच्या न्यायासनाचा क्रूरपणा एकाच तत्त्वातून निघाले. हे मान्य केल्याशिवाय गोव्याचा इतिहास नीट लिहिता येणार नाही असे मला वाटते.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. त्याच वर्षी हॉलंडातल्या डॉर्ट गावी भरलेली प्रोटेस्टंटांची सभा संपली. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमे मांडली होती आणि खरा विश्वासणारा पडू शकतो का हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला होता. डॉर्टने तो मिटवला: देवाने निवडलेला पडेल, ठेचकाळेल, पण शेवटी हरवणार नाही. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या सतराव्या प्रकरणात हेच आले. पुढे अठराव्या शतकात जॉन वेस्लीने त्याच्या उलट बाजूने जोर लावला. मनुष्य कृपा नाकारू शकतो, मिळाल्यावरही फेकून देऊ शकतो, म्हणून रोज जागे राहा, हा मेथडिस्टांचा बाणा.

एकोणिसाव्या शतकात हे सगळे मतभेद बोटीतून मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये आले, १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावले; मूळ वळण कॅल्विनचे. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, तेही कॅल्विनच्याच परंपरेतले. मेथडिस्ट विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत पोचला. बायबल एक, भाषा एक, पण जाणूनबुजून पाप करणाऱ्या सभासदाला काय सांगायचे याबद्दल एकमत नाही.

व्यवहारात मात्र सगळ्यांची वहिवाट बरीच सारखी होती. कुणी जत्रेला गेला, कुणी मुलीचे लग्न जुन्या रीतीने लावले, कुणी दारूला लागला, तर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे. काही काळाने त्याने मंडळीपुढे उभे राहून पाप कबूल केले की परत घ्यायचे. कॅल्विनच्या मताचा पाळक मनात म्हणे, हा खरा निवडलेला असेल तर परत येईलच. मेथडिस्ट पाळक म्हणे, याने तारण गमावले आहे, ते परत मिळवायला हवे. मंडळीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याशी आलेला हुंदका दोन्हीकडे एकच.

या विषयाची खरी झळ ज्यांना लागली त्यांत नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८२५ मध्ये जन्मलेले हे चित्पावन पंडित काशीत वाढले, मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा ग्रंथ १८६० चा. आरंभी ते नव्या जन्माच्या अनुभवावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल वळणाचे होते. पुढे ते संस्कार, पापकबुली आणि उपवास मानणाऱ्या अँग्लिकन उच्चचर्च पंथाकडे वळले आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्याशांच्या संघात शिरले. पुण्याच्या पंच हौद मिशनशी त्यांचा निकट संबंध होता. त्यांचे आयुष्य अत्यंत कडक, आणि मन शेवटपर्यंत अस्वस्थ होते. शंकांनी आणि स्वतःच्या अपात्रतेच्या जाणिवेने ते किती पोळले हे त्यांच्या १९०० साली निघालेल्या इंग्रजी चरित्रावरून दिसते. माझा तर्क असा आहे की धर्मशास्त्रात मुरलेल्या या पंडिताला केवळ भावनेच्या ग्वाहीवर विसंबणे जमले नाही. पापाचा हिशेब आणि त्याची फेड यांना काही ठरलेली रीत त्याला हवी होती. ती त्याला संस्कारांत सापडली, पण मनाचा हिशेब जुळला नाही.

याच पंच हौदात १४ ऑक्टोबर १८९० रोजी रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळी चहाला जमली आणि पुढे त्यांच्यावर प्रायश्चित्ताची पाळी आली, हे सर्वश्रुत आहे. दाराच्या आत मिशनचे संन्यासी पापकबुली ऐकत होते आणि दाराबाहेर ग्रामण्य चालू होते. पुणे शहराची ही अवस्था एखाद्या नाटककाराला कशी सुचली नाही कोण जाणे.

गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचा ज्यांच्यावर प्रभाव पडला त्या पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला आहे आणि मराठी वाचकाने तो जरूर पाहावा. अथानेशियसच्या विश्वाससूत्रातली, हे न मानणारा नाश पावेल अशा धाटणीची वाक्ये त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तो आठ वर्षांनी मिळाला, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. वाँटेजच्या भगिनींच्या मते बाप्तिस्म्यातच नवा जन्म झालेला होता. तो पुढे पापाने डागाळू शकतो, पण झाला नाही असे म्हणता येत नाही. रमाबाईंनी तेच म्हटले.

१९०५ च्या जूनअखेर केडगावच्या मुक्ती सदनात जी जागृती झाली तिच्याकडे या नजरेने पाहिले की तिचा अर्थ उलगडतो. तिथल्या शेकडो मुली दुष्काळातून आलेल्या होत्या. १८९६-९७ मध्ये रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या होत्या. यांतल्या अनेकींचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता. तरी त्या तासन् तास रडत आपली पापे बोलून दाखवू लागल्या. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स मेथडिस्ट वळणाच्या होत्या, आणि विश्वास ठेवल्यानंतरही पवित्रतेचा दुसरा अनुभव हवा ही त्या परंपरेची शिकवण. चोरी, खोटे बोलणे, मनात धरलेला दावा अशा गोष्टी एका बाजूला, आणि ज्यांनी भुकेपोटी आईबाप मरताना पाहिले त्या पोरी दुसऱ्या बाजूला. ‘जाणूनबुजून’ हा शब्द इथे फार जपून वापरला पाहिजे.

विदर्भात या वादाने आणखी मजेशीर रूप घेतले. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. एकाच्या जिल्ह्यात दुसऱ्याने शिरायचे नाही, असा तो सलोख्याचा करार. नागपूरला १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आले आणि नागपूर-भंडाऱ्याचा पट्टा स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांकडे राहिला. तेव्हा तिरोडा, गोरेगाव, नागझिऱ्याचे जंगल हा सगळा आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला १९९९ मध्ये. चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल चर्च आले, म्हणजे बिशप आणि संस्कार मानणारे. यवतमाळला फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमला नाझरीन, हे दोघेही वेस्लीचे वारसदार. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, जिथे दोन्ही मतांना जागा होती.

परिणाम असा की भंडाऱ्याच्या ख्रिस्ती माणसाला तत्त्वतः आपले तारण गमावता येत नव्हते आणि वाशीमच्या माणसाला येत होते. मुलगी लग्न होऊन वर्धा नदीपलीकडे गेली की तिच्या शाश्वतीचा नियम बदले. अर्थात गावच्या मंडळीत कुणी डॉर्ट आणि वेस्ली यांची नावे घेत नसे. गाणी, प्रार्थना आणि पाळकाचा धाक यांतूनच ज्याला जे समजायचे ते समजे. पण बदली होऊन आलेला पाळक, मिशनच्या दवाखान्यातली परिचारिका, वसतिगृहातली मुले यांच्या तोंडून ही भिन्न मते एकाच ओसरीवर येत.

१९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. नावातच ‘युनियन’. वेगवेगळ्या मिशनांनी मिळून ती चालवली, आणि मेथडिस्ट परंपरेच्या आवारात कॅल्विनच्या परंपरेतले विद्यार्थीही इब्री पत्राचा सहावा अध्याय शिकू लागले. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. मधल्या काळात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेद्रेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा पंथ त्यात विलीन झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. शिशुबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. श्रद्धेचा पाया म्हणून प्रेषितांचा मतांगीकार आणि निकेयाचा मतांगीकार स्वीकारले गेले. या दोन्हींत पापांच्या क्षमेचा उल्लेख आहे, तारण गमावण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. ज्या वादावरून डॉर्टला पाळकांच्या नोकऱ्या गेल्या, तो नागपूरला बाजूला ठेवता आला. काही धर्मशास्त्रज्ञ याला कच्चेपणा म्हणतील. मला तो शहाणपणा वाटतो.

प्रश्न सर्वांत टोकाला जातो तो आत्महत्येपाशी. जाणूनबुजून केलेले पाप, आणि त्यानंतर पश्चात्तापाला वेळच नाही. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत शुद्धीवर असताना आत्महत्या करणाऱ्याला, मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिली नसेल तर, चर्चचा दफनविधी नाकारलेला होता. वसईत, मुंबईत, गोव्यात कित्येक घरांनी हे दुःख दुहेरी सोसले. आधी माणूस गेला, मग त्याची माती कुंपणाच्या कडेला. तारण बुडाले असा निवाडा गावाने त्या जागेवरून वाचला, चर्चने तसे कधी म्हटले नसले तरी. प्रेस्बिटेरियनांच्या शिकवणीप्रमाणे एका कृतीने शेवट ठरत नाही, पण त्यांच्याही गावांतून कुजबुज काही थांबली नव्हती.

१९८३ च्या नव्या कॅथलिक संहितेने दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली. मन आजारी असते, भीतीने आणि यातनांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि देव आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेने त्याला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिले गेले. आज अशा माणसाच्या दफनाच्या वेळी पुरोहित इतरांसाठी म्हणतो त्याच प्रार्थना मराठीत म्हणतो, आणि खड्डा रांगेतच खणला जातो.